पेनड्राइव्हमधली एक केबीची मार्कलिस्ट

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर खुशाल कात्री लावा पण पेनड्राइव्हचा भाग तेवढा ठेवा. आमचं बार्शीत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. झेरॉक्स मशीनवर आमचे हे असतात, कॉम्प्युटरवर मी. ॲडमिशनचा सीझन सुरू झाला की दुपारचा डबा संध्याकाळी उघडतो अशी गत असते, आणि त्याच गडबडीत यंदा जे झालं त्यावरून हे लिहायला बसले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक पोरगी आली, जवळच्याच खेड्यातली, डिप्लोमाचा फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख तीच आणि साइट रात्री बारापर्यंत चालू. मी म्हटलं कागदपत्रं दे, तर तिने मोठ्या विश्वासाने पेनड्राइव्ह पुढे केला. "ताई सगळं ह्यात आहे, दादाने भरून दिलंय." लावून बघितलं तर खरंच नावं अगदी नीट दिलेली, दहावी मार्कलिस्ट, टीसी, डोमिसाइल, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर. सहा फाइली. पण माझी नजर सवयीने साइजच्या रकान्यात जाते कारण अपलोडला लिमिट असतं, कुठे दोनशे केबी कुठे पाचशे कुठे एक एमबी, आणि इथे सहाच्या सहा फाइलींपुढे एकच आकडा, १ केबी. दाखला कितीही दाबून कॉम्प्रेस केला तरी एक केबीत बसत नाही हो.

डबल क्लिक केलं तर ब्राउझर उघडला आणि लॉगिनचं पान आलं. दुसरी उघडली, परत लॉगिन. मार्कलिस्टवर क्लिक केलं तर सेशन एक्सपायर्ड, म्हणजे लॉगिनची मुदत संपली. म्हणजे दादाने काय केलं असणार, त्याच्याकडच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून एकेक दाखला उघडला, तो समोर दिसला, मग वरच्या पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे बारीक चिन्ह असतं ते माउसने धरून पेनड्राइव्हच्या फोल्डरमधे ओढलं, तिथे फाइल तयार झाली, तिला नाव दिलं, आणि डबल क्लिक करून खात्रीसुद्धा केली असेल, आणि त्याचं लॉगिन चालूच असल्यामुळे ती बरोबर उघडलीसुद्धा असेल. आता त्याचं काय चुकलं सांगा. फाइल दिसते, नाव आहे, उघडते, मग माणूस तिला फाइलच म्हणणार ना.

दादा चाकणला एका कंपनीत, त्या दिवशी सेकंड शिफ्ट, मोबाईल गेटवर जमा. आणि लॉगिनचा ओटीपी त्याच्याच मोबाईलवर. पोरगी फोन लावतीये, रिंग जातीये, कोण उचलणार. साडेआठला जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाईल घेतला तर एकोणीस मिस्ड कॉल, बिचाऱ्याला वाटलं घरी कुणाचं काही बरंवाईट झालं की काय. मग ओटीपी घेतला, एकेक दाखला खऱ्या अर्थाने डाउनलोड केला, मार्कलिस्ट वेगळ्या साइटवरनं काढली, टीसी तिच्या वहिनीने घरून मोबाईलवर फोटो काढून पाठवली, आणि अकरा वीसला फॉर्म सबमिट झाला. आमचे हे शटर अर्धं ओढून बाहेर पायरीवर बसलेले. ती पोरगी रडायची थांबली पण मला रात्री झोप लागली नाही, कारण ही काही पहिली नाही, वर्षाला अशी दहाबारा तरी माझ्यासमोर येतात, आणि सगळ्यांना मी तेच सांगते, की बाई ह्यात तुझा दाखला नाहीये, तुझा दाखला कुठे मिळेल त्याचा पत्ता आहे.

ह्या फाइलीला इंटरनेट शॉर्टकट म्हणतात. तिचं खरं आडनाव डॉट यूआरएल, जसं पीडीएफचं डॉट पीडीएफ असतं तसं. पण गंमत अशी की हे आडनाव विंडोज तुम्हाला कधी दाखवतच नाही. बाकीच्या फाइलींची एक्स्टेन्शन, म्हणजे हीच आडनावं, दिसावीत म्हणून व्ह्यूमधे जाऊन तुम्ही टिक केलीत तरी पीडीएफ दिसेल, जेपीजी दिसेल, यूआरएल मात्र लपलेलंच राहतं, कारण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या वहीत, ह्या प्रकारापुढे हे कधीच दाखवू नकोस अशी नोंदच करून ठेवलीये. शॉर्टकटचं नाव सुटसुटीत दिसावं एवढाच हेतू असणार बहुतेक. पण त्याचा परिणाम असा की त्या दादाने फाइलीला नाव देताना "मार्कलिस्ट डॉट पीडीएफ" असं जरी टाईप केलं असतं तरी तिचं पूर्ण नाव मार्कलिस्ट डॉट पीडीएफ डॉट यूआरएल झालं असतं आणि स्क्रीनवर मात्र दिमाखात मार्कलिस्ट डॉट पीडीएफ दिसलं असतं. चोरट्यांनी नेमकं हेच धरलं, ते पुढे सांगते.

मला स्वतःला हे कळलं ते फार उशिरा. एमएस-सीआयटी केलंय मी, मार्कही चांगले होते, पण हे डोक्यात काही राहिलं नव्हतं. दुकानात एकदा लाईट आली पण नेट नाही अशी दुपार होती, गिऱ्हाईक नाही, म्हणून बसल्या बसल्या नोटपॅड उघडलं आणि डेस्कटॉपवरचा एक शॉर्टकट उचलून त्यात टाकला, काय होतं बघू म्हणून. तर आत फक्त दोन ओळी. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात इंटरनेट आणि शॉर्टकट हे दोन शब्द जोडून लिहिलेले, दुसऱ्या ओळीत यूआरएल, मग बरोबरचं चिन्ह, आणि पुढे साइटचा पत्ता. संपलं. काही फाइलींमधे आणखी दोनतीन ओळी असतात, आयकॉन कुठून घ्यायचा, शॉर्टकट की कुठली, असलं काहीबाही, पण काम त्या दुसऱ्या ओळीचं. म्हणून ती एक केबी, खरं तर एक केबीसुद्धा नाही, शंभर-दीडशे अक्षरांची चिठ्ठी, विंडोज वरच्या आकड्याला ओढून एक केबी दाखवतं. (नोटपॅडमधे फाइल मेन्यूतून ओपन करायला जाऊ नका, तिथून निवडलं तर ते चिठ्ठी न दाखवता चिठ्ठीवरच्या पत्त्यालाच निघतं, माउसने उचलून नोटपॅडच्या खिडकीत सोडायची.)

मी गिऱ्हाइकाला लग्नपत्रिकेचं उदाहरण देते. पत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता असतो, मुहूर्त असतो, पण पत्रिका खिशात घालून घरी बसलं तर पोटात जिलेबी जात नाही. शिवाय कार्यालय बदललं, मुहूर्त टळून गेला, किंवा तिथे गेटवर नाव विचारणारा माणूस उभा असला तर पत्रिका असूनही उपयोग नाही. साइटचं पान हललं की शॉर्टकट गेला, सेशन संपलं की गेला, लॉगिन दुसऱ्याचं असलं की तुमच्यासाठी तो नसल्यासारखाच. आणि नेट नसेल तर मग विचारायलाच नको.

पण म्हणून शॉर्टकट वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट माझं निम्मं दुकान त्याच्यावर चालतं. माझ्या डी ड्राइव्हवर "साइटी" नावाचं फोल्डर आहे, त्यात सातबाऱ्याची साइट, आधार, पॅन, वीजबिल, रेल्वे, पीक विमा, बोर्डाचा निकाल, असे चाळीसेक शॉर्टकट आहेत, सगळ्यांना मराठीत नावं दिलीत. शॉर्टकटला नाव काहीही दिलं तरी चालतं, आतली दुसरी ओळ बदलत नाही. फक्त नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा कोलन असलं काही घेत नाही विंडोज, म्हणून "७/१२" लिहिता येत नाही, मी "सातबारा" असं अक्षरात लिहिलंय. लोक विचारतात बुकमार्क का नाही करत. करते ना, पण मागे आमचा जुना कॉम्प्युटर बसला आणि मिस्त्रीने सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला तेव्हा ब्राउझरमधले सगळे बुकमार्क गेले, आणि डी ड्राइव्हवरचं हे फोल्डर जसंच्या तसं राहिलं. क्रोम त्याचे सगळे बुकमार्क एकाच फाइलीत आत कुठेतरी दडवून ठेवतं. जुना इंटरनेट एक्सप्लोरर वेगळा होता, त्यात एक फेव्हरिट म्हणजे एक यूआरएल फाइल, फेव्हरिट्स नावाच्या फोल्डरमधे सरळ पडलेल्या असायच्या. कुणाकडे जुनी हार्ड डिस्क असेल तर यूजर्सच्या फोल्डरमधे जाऊन बघा, दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपण काय काय बघायचो ते सगळं तिथे सापडतं, निम्म्याहून जास्त साइटी आता मेलेल्या. मेलेल्या पत्त्यावर पूर्वी काय होतं ते बघायचं असेल तर इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे, २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे, त्यात पत्ता टाकला की कधीकधी जुनं पान निघतं. सगळ्याच पानांचं निघत नाही, आणि लॉगिनच्या आतलं तर कधीच नाही.

शॉर्टकट बनवायचे दोन रस्ते. एक दादाने केला तो, ब्राउझरची खिडकी थोडी लहान करायची, पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह धरायचं आणि डेस्कटॉपवर किंवा फोल्डरमधे सोडायचं. पूर्वी तिथे कुलूप असायचं, क्रोमने २०२३ मधे ते काढून दोन रेघा-गोळ्यांचं चिन्ह टाकलं, तेव्हा आठवडाभर लोक मला विचारत होते की साइटचं कुलूप तुटलं का. दुसरा रस्ता म्हणजे डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट, मग पत्ता पेस्ट करायचा, नेक्स्ट, नाव, फिनिश. दोन्हीतून निघालेली फाइल तुमचा जो डिफॉल्ट ब्राउझर असेल त्यात उघडते. क्रोमच्या स्वतःच्या मेन्यूमधे क्रिएट शॉर्टकट म्हणून जे आहे ते मात्र वेगळं प्रकरण, ती डॉट एलएनके जातीची फाइल, क्रोमच्या दावणीला बांधलेली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर चालेलच असं नाही. यूआरएलवाली साधी आहे म्हणूनच दुसऱ्या कॉम्प्युटरवरही चालते.

आणि एक सवय लावून घ्या, शॉर्टकट करायचा तो साइटच्या पहिल्या पानाचा, लॉगिन करून आत चार पानं गेल्यावर मग नाही. आतल्या पानाच्या पत्त्यात पुष्कळदा त्या वेळेपुरता तयार झालेला लांबलचक नंबर असतो, तो थोड्या वेळाने रद्द होतो आणि मग एररच येतो. पहिलं पान सहसा हलत नाही. ज्या साइटी रोज लागतात त्यांना मी शॉर्टकट कीसुद्धा दिल्यात, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की वेब डॉक्युमेंट नावाचा टॅब येतो, तिथे शॉर्टकट कीच्या रकान्यात एक अक्षर दाबायचं, विंडोज आपोआप कंट्रोल आल्ट लावून घेतं. कंट्रोल आल्ट एस म्हणजे माझा सातबारा. आमचे हे म्हणतात की तू पेटी वाजवल्यासारखी काम करतेस. त्याच टॅबमधे चेंज आयकॉनचं बटण आहे, आधारचा आणि पॅनचा आयकॉन वेगळा ठेवला की घाईत चूक होत नाही.

तो वेब डॉक्युमेंटचा टॅब आणखी एका कामाचा आहे. पत्ता काय आहे ते फाइल न उघडता तिथे वाचता येतं. कुणी पेनड्राइव्हमधून, मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवर कॉम्प्युटरला अशी फाइल दिली तर आधी तिथे जाऊन वाचायची. कारण नाव "आधार अपडेट" असलं तरी आतला पत्ता कुणाचाही असू शकतो, पत्रिकेवर कुणाचंही नाव छापता येतं. आधारचा खरा पत्ता यूआयडीएआय डॉट जीओव्ही डॉट इन. जीओव्ही आणि इनच्या मधे डॉट आहे का डॅश आहे ते बघा, आणि पहिली एकेरी तिरकी रेघ येण्याच्या आधी शेवटी काय लिहिलंय ते बघा. शेवटी जीओव्ही डॉट इन असेल तर सरकारी. त्याच्यापुढे आणखी एखादा डॉट येऊन भलतंच काही असेल तर त्याच्या आधीचं सगळं नाटक आहे.

आता चोरांचं. हे मला भाच्याने सांगितलं, तो बेंगलोरला सिक्युरिटीच्या कामात आहे, आणि मग मी स्वतःही वाचलं. २०२४ च्या जुलैमधे चेक पॉइंट नावाच्या कंपनीच्या लोकांनी उघडकीला आणलं की चोर लोक यूआरएल फाइली पाठवत होते, आयकॉन पीडीएफचा, नाव पुस्तकाचं आणि शेवटी डॉट पीडीएफ, आणि खरं आडनाव विंडोजने नेहमीप्रमाणे लपवलेलं. आतल्या पत्त्याच्या आधी त्यांनी एक असा शब्द जोडला होता की विंडोज ते पान क्रोम किंवा एजमधे न उघडता जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमधे उघडायचं. तो एक्सप्लोरर जून २०२२ मधेच निवृत्त केलेला, पण विंडोजच्या पोटात अजून पडून होता, आणि तो जुना असल्यामुळे त्याला फसवणं सोपं. मायक्रोसॉफ्टने ९ जुलै २०२४ च्या अपडेटमधे ते बंद केलं, पण चोर त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधीपासून हा धंदा करत होते. परत त्याच वर्षी नोव्हेंबरमधे आणखी एक भोक बुजवलं, त्यात तर फाइल उघडायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं राइट क्लिक केलं, डिलीट केली किंवा दुसऱ्या फोल्डरमधे ओढली तरी कॉम्प्युटर चोराच्या सर्व्हरशी बोलायला जायचा आणि तुमच्या पासवर्डची सांकेतिक नक्कल देऊन यायचा. म्हणजे मी वर जे सांगितलं की राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, ते अपडेट मारलेल्या कॉम्प्युटरवरच. आमच्यासारख्या कितीतरी दुकानांत अजून विंडोज ७ चालतंय, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मधे बंद झाला, विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला झाला. नवीन कॉम्प्युटर परवडत नाही हे मला कुणी सांगायला नको, आम्ही पण हप्त्यावरच घेतलाय. पण लोकांचे दाखले, पासबुकं ज्या मशीनवर उघडतात ते मशीन तरी अपडेटेड असावं.

पेनड्राइव्हमधला शॉर्टकटचा व्हायरस हा आणखी वेगळा, त्याची आणि ह्याची लोक गल्लत करतात म्हणून सांगते. त्यात असं होतं की तुम्ही कुठल्यातरी दुकानात पेनड्राइव्ह लावून आणता आणि घरी बघता तर प्रत्येक फोल्डरच्या आयकॉनवर डाव्या कोपऱ्यात बारीक बाण आलेला आणि सगळ्यांची साइज एकदोन केबी. लोक घाबरून म्हणतात ताई सगळं उडालं. उडालेलं नसतं. तुमचे खरे फोल्डर व्हायरसने लपवलेत आणि त्याच नावाचे नकली शॉर्टकट पुढे बसवलेत, एलएनके जातीचे, त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो. त्यामुळे त्याच्यावर क्लिक करायचं नाही आणि कुणी सांगितलं म्हणून फॉरमॅट तर मुळीच मारायचं नाही. फोल्डर ऑप्शन्समधे जाऊन हिडन फाइल्स दाखव वर टिक करायची, आणि खाली प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपव म्हणून जे आहे तिथली टिक काढायची, फिकट रंगात तुमचे खरे फोल्डर दिसायला लागतात. त्यातलं सामान अँटीव्हायरसने तपासून कॉपी करून घ्या आणि मग पेनड्राइव्ह साफ करा. एका मास्तरांची सतरा वर्षांची शाळेची हजेरी, निकालपत्रकं अशी परत मिळाली, त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानात खवा आणून दिला.

त्याच मास्तरांचा दुसरा किस्सा मात्र तितका गोड नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी गावाबद्दल आठवणी लिहायला घेतल्या, मुलाने लॅपटॉपवर गूगल ड्राइव्ह बसवून दिला, लिहायचे गूगल डॉक्समधे. बॅकअप हवा म्हणून त्यांनी ड्राइव्हचं फोल्डर उचलून पेनड्राइव्हमधे कॉपी केलं, तीस प्रकरणं, तीस फाइली, नावं बरोबर. माझ्याकडे प्रिंट मारायला आणलं आणि मी साइज बघितली, १ केबी. ही पण चिठ्ठीच, डॉट जीडॉक म्हणतात, आत लेख नसतो, गूगलच्या कुठल्या डॉक्युमेंटकडे जायचं त्याचा नंबर असतो. लेख गूगलकडे शाबूत होता म्हणून वाचले, लॉगिन करून फाइल, डाउनलोड, वर्ड असं एकेक उतरवून घेतलं. पण समजा त्यांनी पेनड्राइव्हमधे आहे म्हणून ड्राइव्हवरचं निर्धास्तपणे पुसून टाकलं असतं तर? परदेशात मुलं असलेल्या घरांतून आणखी एक प्रकार येतो, मॅकवरून पाठवलेली डॉट वेबलॉक फाइल. ती मॅकची यूआरएल फाइल समजा. विंडोजवर डबल क्लिक केली तर विचारतं की कशाने उघडू, नोटपॅडमधे टाकली तर बाकीच्या पसाऱ्यात पत्ता सापडतो, तो कॉपी करून ब्राउझरमधे टाकायचा. आणि यूआरएल फाइल व्हॉट्सॲपवरून मोबाईलला पाठवली तर मोबाईल सरळ उघडता येत नाही म्हणतो, तिथे फाइल पाठवण्यापेक्षा पत्ताच कॉपी करून पाठवलेला बरा.

मग पान खरोखर स्वतःकडे ठेवायचं तर काय करायचं, तर डाउनलोडचं बटण असेल तर ते, नसेल तर कंट्रोल पी दाबून प्रिंटरच्या जागी सेव्ह ॲज पीडीएफ निवडायचं. मग नेट बंद करून ती फाइल उघडून बघायची. नेट नसताना उघडली तर ती तुमची. ही परीक्षा मी आता प्रत्येक पोराला करायला लावते, राउटरची वायर काढून.

आता संपादक साहेब, तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुमच्या पेपरात भरतीच्या, स्कॉलरशिपच्या, योजनांच्या बातम्या येतात, लोक ते कात्रण घेऊन माझ्याकडे येतात. कितीतरी वेळा बातमीच्या शेवटी छापलेलं असतं, "अर्ज करण्यासाठी येथे क्लिक करा". कागदावर! एका आजोबांनी खरंच बोट ठेवून दाखवलं मला, हे बघ इथे क्लिक कर म्हणाले. वेबसाइटवरची बातमी उचलून तशीच पानात लावली की असं होत असणार, घाई असते ते मी समजू शकते. पण त्या शब्दांच्या मागे जो पत्ता होता तोच तर बातमीतला कामाचा भाग. तो गाळला की मग लोक गूगलवर शोधतात आणि वरती जी जाहिरातीची साइट दिसेल तिच्यावर जातात, तिथे फॉर्म भरायचे दीडशे-दोनशे रुपये मागतात आणि मग माझ्याकडे येतात. म्हणून विनंती आहे की पत्ता पूर्ण छापा, साइटच्या पहिल्या पानाचा छापा, ओळ तुटते तिथे मधे डॅश घालू नका, कारण तो डॅश पत्त्यातला आहे का छपाईतला हे आमच्यासारख्यांना कळत नाही आणि वर सांगितल्याप्रमाणे एका डॅशने सरकारी साइटची चोराची साइट होते. क्यूआर छापलात तर उत्तमच, पण तो छापायच्या आधी कुणीतरी ऑफिसात मोबाईलने एकदा स्कॅन करून बघा, मागे एका कात्रणावरचा क्यूआर इतका बारीक आणि शाई पसरलेला होता की माझ्या, ह्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या अशा तीन मोबाईलनी प्रयत्न करून झाला.

आणि जागा असेल तर ॲडमिशनच्या महिन्यात एवढं एक चौकटीत छापा, की फॉर्म भरायला जाताना पेनड्राइव्हमधल्या फाइलींची साइज बघून घ्या, १ केबी दिसली तर त्या दिवशी सकाळीच या, संध्याकाळी सहाला नको.

आपली,
एक झेरॉक्सवाली, बार्शी (जि. सोलापूर)

ता.क. पत्र पाठवायच्या आधी ती पोरगी येऊन गेली. यादीत नाव लागलंय. पेनड्राइव्ह काढून मला म्हणाली ताई बघा, सगळ्या फाइली दोनशे केबीच्या वर आहेत. बघितल्या. टीसी तेवढी अजून वहिनीने काढलेल्या फोटोचीच आहे, कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय, ती स्कॅन करायला उद्या बोलावलंय.